विमानात बसलेल्यांची नावं

२०२४ च्या सप्टेंबरात कंदाहारच्या विमान अपहरणावरून देशात पुन्हा रान पेटलं. निमित्त एका वेबमालिकेचं होतं. अपहरण करणारे पाचजण विमानात एकमेकांना टोपणनावांनी हाका मारत होते. त्यातली दोन नावं हिंदू होती आणि ती मालिकेत तशीच आली म्हणून आक्षेप निघाला. माहिती व प्रसारण मंत्रालयाने संबंधितांना दिल्लीला बोलावून घेतलं आणि अखेर मालिकेच्या सुरुवातीच्या निवेदनात खरी नावं घातली गेली. वास्तविक ही टोपणनावं कुणी मनाने रचलेली नव्हती. ६ जानेवारी २००० च्या गृहमंत्रालयाच्या निवेदनातच ती नोंदलेली आहेत. पण आठवडाभर वाहिन्यांवर दुसरं काही नव्हतं, आणि आपल्या सोलापुरातही सात रस्त्यापासून विजापूर वेशीपर्यंत चहाच्या टपऱ्यांवर तोच विषय होता. कोण कुठल्या नावाचा, कुठल्या धर्माचा, कुणाच्या राज्यात सुटला. एवढ्या चर्चेत रूपिन कत्याल हे नाव मला एकदाही ऐकू आलं नाही.

रूपिन २५ वर्षांचा होता. नुकतंच लग्न झालेलं, बायकोबरोबर नेपाळला फिरायला गेलेला. २४ डिसेंबर १९९९ च्या संध्याकाळी दोघं काठमांडूहून दिल्लीला परत निघाले. इंडियन एअरलाइन्सच्या आयसी ८१४ या विमानात पुरुषांना बायकामुलांपासून वेगळं केलं गेलं, काहींना पुढच्या भागात नेऊन डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या गेल्या, आणि तिथे रूपिनवर चाकूचे वार झाले. दुबईजवळच्या अल मिनहाद हवाई तळावर २७ प्रवासी सोडले, त्यांच्याबरोबर त्याचा मृतदेह खाली उतरवला. बायको विमानातच राहिली. तिथून विमान कंदाहारला गेलं, ३१ डिसेंबरला सुटका होईपर्यंत ती त्या विमानात बसून होती, आणि नवरा गेल्याचं तिला परत आल्यावर कळलं.

पाव शतकानंतर उठलेल्या गदारोळात हे कुणाला सांगावंसं वाटलं नाही, याचं मला मनापासून दुःख आहे. माझं म्हणणं असं आहे की विमान अपहरणाची आठवण आपण अपहरणकर्त्यांच्याच हातात देऊन टाकली आहे. त्यांची नावं, त्यांचा कट, त्यांच्या मागण्या, त्या कुणी मान्य केल्या. आत कोंडलेल्या माणसांनी काय सोसलं, त्यांना वाचवायला कुणी काय केलं आणि बाहेरच्यांच्या हातून काय राहून गेलं, हे या आठवणीत कुठे बसतच नाही. ते बसवायचं तर स्मरणाची रीतच बदलावी लागेल. म्हणून या लेखात मी एकाही अपहरणकर्त्याचं नाव लिहिणार नाही. ती नावं खटल्याच्या कागदपत्रांत असावीत, इतिहासाच्या अभ्यासात असावीत. २०१९ मध्ये ख्राइस्टचर्चच्या मशिदींत हत्याकांड झालं, तेव्हा न्यूझीलंडच्या पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न यांनी हल्लेखोराचं नाव आपण कधीही उच्चारणार नाही असं संसदेत सांगितलं होतं. स्मरणाला तोच दंडक लावावा.

मागे शहरातल्या एका महाविद्यालयात बोलायला गेलो होतो. कंदाहार प्रकरण कुणाकुणाला माहीत आहे, असं विचारल्यावर बरेच हात वर झाले. प्रवाशांच्या बदल्यात सोडून दिलेल्या तिन्ही दहशतवाद्यांची नावं एका मुलाने धडाधड सांगितली. विमानाचा कॅप्टन कोण होता, असं विचारलं तर वर्ग गप्प. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, पण ते कुठे लिहिलेलं असतं?" तिचं बरोबर होतं. तिच्या वाट्याला येणाऱ्या कुठल्याच पुस्तकात, फलकावर किंवा भाषणात ते लिहिलेलं नसतं.

कॅप्टन देवी शरण. त्या रात्री अमृतसरहून ते विमान घेऊन लाहोरवर पोचले तेव्हा टाकीतलं इंधन संपत आलेलं होतं आणि लाहोर विमानतळाने उतरू द्यायचं नाही म्हणून धावपट्टीचे दिवे मालवले होते. अंधारात खाली झेपावताना ज्या पट्ट्याला ते धावपट्टी समजले तो रस्ता निघाला. शेवटच्या क्षणी त्यांनी विमान पुन्हा वर उचललं. मानेशी पिस्तूल, मागे दीडशेहून जास्त माणसं, खाली काळोख. एखाद्या माणसाने आपलं काम नीट केलं म्हणजे काय, याचं याहून मोठं उदाहरण मला पटकन सुचत नाही.

अमृतसरबद्दलही बोललं पाहिजे, कारण खरं स्मरण अडचणीचं असतं. विमान अमृतसरला सुमारे ५० मिनिटं उभं होतं. आपल्या जमिनीवर, आपल्या पोलिसांच्या नजरेसमोर. दिल्लीत निर्णय होईना, इंधनाचा टँकर वेळेत पोचेना, आणि शेवटी विमान इंधन न भरताच उडालं. याच अमृतसरला सहा वर्षं आधी, एप्रिल १९९३ मध्ये, दिल्ली-श्रीनगर मार्गावरचं आयसी ४२७ हे अपहृत विमान उतरलं होतं. राष्ट्रीय सुरक्षा दलाच्या कमांडोंनी मध्यरात्रीनंतर आत शिरून अपहरणकर्त्याला टिपलं आणि विमानातले १४१ जण सुखरूप बाहेर आले. 'ऑपरेशन अश्वमेध' हे त्या कारवाईचं नाव. तोच विमानतळ, तोच देश, तेच दल. मग सहा वर्षांत काय बिघडलं? हा प्रश्न कंदाहारच्या प्रत्येक स्मरणात पहिला यायला हवा. त्याऐवजी त्या ५० मिनिटांची हकीकत आपल्याला निवृत्त अधिकाऱ्यांच्या आठवणींतून तुकड्यातुकड्यांनी मिळते, आणि जो तो स्वतःला वगळून सांगतो. अश्वमेधाची तर कुणाला आठवणही नाही. जे साधलं तेही विसरायचं आणि जे फसलं त्याचा हिशेबही मांडायचा नाही, हा आपला शिरस्ता झाला आहे.

सोलापूरकराला स्मरण म्हणजे काय हे बाहेरून कुणी येऊन शिकवायची गरज नाही. १९३० च्या मे महिन्यात इथे मार्शल लॉ पुकारला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी दिलं: मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. ही चार नावं इथल्या शाळकरी पोरालाही एका दमात सांगता येतात. लिंगायत, मराठा, मारवाडी, मुसलमान अशी ही नावं एकत्र घेतली जातात, आणि तेवढ्यानेच या गावाला आपण कोण आहोत याची दरवर्षी आठवण होते. नावांना एवढी ताकद असते. ज्यांनी फासावर चढवलं त्या न्यायाधीशाचं नाव काय, त्या लष्करी अधिकाऱ्याचं नाव काय, हे अभ्यासकाला माहीत असेल. १२ जानेवारीला ते कुणी घेत नाही, आणि त्यामुळे आपलं काही अडत नाही.

पण आपलीही रीत सगळी चोख आहे असं मी म्हणणार नाही. हुतात्मा स्मृती मंदिर म्हटलं की आज आधी नाटक आठवतं, आणि 'हुतात्मा'ने पुण्याला निघालो म्हणताना त्या गाडीला हे नाव का दिलं हे मनात येत नाही. ८ मे १९३० च्या पोलिस गोळीबारात जी माणसं मेली, त्यांची नावं आपल्याला त्या चार नावांइतकी तोंडपाठ नाहीत. जे फासावर गेले ते लक्षात राहिले, जे गर्दीत उभे असताना गेले ते मागे पडले. विमान अपहरणात मेलेल्यांचं नेमकं हेच होतं. त्यांनी काही घोषणा दिलेली नसते. तिकीट काढून घरी निघालेली माणसं ती. मरणाला सामोरं जायचं त्यांनी ठरवलेलं नसतं, म्हणून त्यांना हुतात्मा म्हणायला आपली जीभ अडखळते आणि दुसरा शब्द सापडत नाही म्हणून आपण गप्प बसतो. सन्मानाला शौर्य लागत असेल, लागो. स्मरणाला ते कशाला लागावं? मारलं गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला तो आपल्यातला होता एवढं कारण पुरे आहे.

आणि शौर्य हवंच असेल तर तेही आहे. ५ सप्टेंबर १९८६. मुंबईहून कराची, फ्रँकफर्टमार्गे न्यूयॉर्कला जाणारं पॅन ऍमचं ७३ क्रमांकाचं विमान पहाटे कराचीत उभं होतं. विमानतळ सुरक्षा कर्मचाऱ्यांचा गणवेश घातलेले चार बंदूकधारी गाडीतून आले आणि जिन्यावरून आत घुसले. विमानातल्या कर्मचाऱ्यांनी ठरलेला इशारा कॉकपिटला पोचवला, आणि वैमानिक छताच्या झडपेतून निसटले. वैमानिक पळाले असं काहीजण आजही म्हणतात. पण त्यांच्या जाण्यामुळेच ते विमान जमिनीवर राहिलं. ते हवेत गेलं असतं तर त्याचं काय केलं गेलं असतं याची कल्पना आज आपल्याला आहे. वैमानिक गेल्यावर आतली सारी जबाबदारी केबिन क्रूवर आली. त्यांची प्रमुख नीरजा भानोत. दोनच दिवसांनी, ७ सप्टेंबरला, तिला तेवीस वर्षं पूर्ण झाली असती.

पुढचं जवळून पाहण्यासारखं आहे. भारतीय वंशाच्या एका तरुण अमेरिकी प्रवाशाला दारापाशी गुडघ्यांवर बसवून अपहरणकर्त्यांनी गोळी घातली होती. मग त्यांनी फर्मावलं की सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करा. अमेरिकी कोण ते त्यांना निवडून काढायचं होतं. नीरजा आणि तिच्या सहकारी मुली रांगेरांगेतून फिरून पासपोर्ट घेऊ लागल्या, आणि घेता घेता अमेरिकी पासपोर्ट बाजूला पडू लागले. काही आसनांखाली सरकवले गेले, काही कचऱ्यात गेले. हातात पासपोर्ट आल्यावर मुखपृष्ठ बघायचं, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, पाठीमागे बंदूक घेऊन उभा असलेल्या माणसाला हालचाल कळू द्यायची नाही, आणि पुढच्या प्रवाशाकडे वळायचं. एकीने नाही, अनेकींनी, एकमेकींशी न बोलता. यात सिनेमात शोभणारं काही नाही. हात स्थिर ठेवण्याचं काम होतं ते, आणि त्या हातांनी किती जीव वाचवले हे अपहरणकर्त्यांना त्या दिवशी कळलंच नाही.

सुमारे सतरा तास गेले. रात्री विमानाची वीज संपत आली, दिवे मंदावले, आणि अपहरणकर्त्यांनी गर्दीवर गोळ्या झाडल्या, हातबॉम्ब फेकले. वीसहून जास्त माणसं गेली, शंभरावर जखमी झाली. दारं उघडली गेली म्हणून बाकीचे शेकडो बाहेर पडू शकले. प्रवाशांना बाहेर काढता काढता नीरजाला गोळी लागली. भारताने तिला अशोकचक्र दिलं, हा सन्मान मिळवणारी ती पहिली स्त्री आणि तेव्हाची सगळ्यात लहान मानकरी. पाकिस्ताननेही तिचा गौरव केला. पुढे तिच्या नावाचं टपाल तिकीट निघालं, मुंबईत घाटकोपरला तिच्या नावाचा चौक आहे, २०१६ साली हिंदी सिनेमा आला. हे सगळं योग्यच झालं. मात्र त्याच वर्षी तिच्या काही सहकाऱ्यांनी इतक्या वर्षांनी पहिल्यांदा जाहीरपणे तोंड उघडलं आणि त्या दिवशीचं काम सगळ्या क्रूने मिळून केलं होतं हे सांगितलं. नीरजाचं मोठेपण त्याने कमी होत नाही. उलट मला तर ती त्यामुळे अधिक खरी वाटते. ती एकटी देवी नव्हती, शिकवलेलं काम शिकवल्याप्रमाणे करणाऱ्या एका गटाची प्रमुख होती. आपल्या एसटीचा वाहक घाटात गाडी बंद पडली की आधी मागच्या चाकाला दगड लावतो, मग बाया-म्हाताऱ्यांना कडेला उतरवतो, तसं ते आहे. त्याला कुणी शूर म्हणत नाही, पण गाडी त्याच्या भरवशावर चालते. देवी करून ठेवली की आपण हार घालून मोकळे होतो. काम करणारी माणूस म्हणून पाहिली, तर तिचं काम आपल्याला यायला हवं असं वाटू लागतं.

२४ डिसेंबर ही तारीख आम्हा मराठी माणसांना आणखी एका कारणाने माहीत असते. तो साने गुरुजींचा जन्मदिवस. ज्या संध्याकाळी काठमांडूहून विमान पळवलं, त्याच दिवशी गुरुजींच्या जन्माला शंभर वर्षं पूर्ण झाली होती. तारखा अशा जुळतात त्यात अर्थ शोधायचा नसतो हे मला कळतं. पण या जिल्ह्यात राहून मला ते बाजूला सारता येत नाही. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात गुरुजी उपोषणाला बसले, विठ्ठलाच्या देवळाचं दार हरिजनांना उघडावं म्हणून. मागणी होती, दबाव होता, लोकांचा विरोधही होता. पणाला मात्र त्यांनी स्वतःचा जीव लावला, दुसऱ्या कुणाचा नाही.

विमान अपहरणाचं समर्थन करणाऱ्यांपुढे मी हीच कसोटी ठेवतो. कारण असं समर्थन करणारे आपल्याकडे झाले आहेत, आणि तेही साधेसुधे नाहीत. २० डिसेंबर १९७८ रोजी लखनौहून दिल्लीला जाणारं इंडियन एअरलाइन्सचं विमान दोघा तरुणांनी वळवून वाराणसीला उतरवायला लावलं. इंदिरा गांधींना सोडा ही मागणी. हातात खेळण्यातली पिस्तुलं. दुसऱ्या दिवशी दोघं शरण आले, कुणाला खरचटलं नाही. आणि १९८० च्या उत्तर प्रदेश विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने दोघांनाही तिकीट दिलं आणि ते आमदार झाले! पिस्तूल खोटं होतं, हा त्यांच्या बाजूचा युक्तिवाद. पण आत बसलेल्या आईला ते खोटं आहे हे माहीत नव्हतं. तिने रात्रभर जी भीती भोगली ती खरी होती. त्या रात्री विमानात कोण होतं, हे आज कुणाला ठाऊक आहे? त्या प्रवाशांना कुणी तिकीट दिलं नाही, साधी क्षमाही मागितली नाही. ज्या पक्षाने हे केलं त्याला अमृतसरच्या ५० मिनिटांवर बोलण्याचा अधिकार पुरता उरत नाही, आणि ज्यांच्या राज्यात ती ५० मिनिटं वाया गेली त्यांना १९७८ कडे बोट दाखवून सुटता येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच भिंतीवर लिहायची हिंमत पाहिजे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. लोक म्हणतात, कंदाहारला सोडलेल्या तिघांनी पुढे काय केलं ते विसरायचं का? त्यातल्या एकाने वर्ष उलटायच्या आत जैश-ए-महंमद उभी केली. त्या संघटनेचं नाव डिसेंबर २००१ च्या संसदेवरच्या हल्ल्यात आलं, फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामाला केंद्रीय राखीव पोलिस दलाचे ४० जवान गेले त्याची जबाबदारी तिने घेतली. त्यात आपल्या बुलडाणा जिल्ह्याचे दोघे होते. हे विसरू नये, माझंही तेच म्हणणं आहे. पण त्या घराघरांतल्या माणसांचं स्मरण करायचं तर त्यांची नावं घ्या. 'तेव्हा सोडायला नको होतं' हा धोरणाचा वाद आहे, तो संसदेत आणि वर्तमानपत्रांत व्हायलाच पाहिजे, आणि २००५ च्या अपहरणविरोधी धोरणाने सरकारची भूमिका पुढे कडक केलीही. मात्र तो वाद घालताना डिसेंबर १९९९ मध्ये पंतप्रधानांच्या निवासस्थानाबाहेर आक्रोश करणाऱ्या नातेवाइकांना देशद्रोही ठरवू नका. आठ दिवस आपलं माणूस जिवंत आहे की नाही हे ज्याला माहीत नाही, त्याने दगडासारखं राहायला हवं होतं, असं आपण घरात पाय पसरून बसून म्हणतो. हे मला सहन होत नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच गावचा. सोलापूरचा याच्याशी संबंध काय? इथून ना कुणी त्या विमानात होतं, ना इथे काही घडलं. त्याला उत्तर दूरच्या एका खेड्यात मिळतं. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचं 'कनिष्क' अटलांटिकवर बॉम्बने फुटलं. ते अपहरण नव्हतं, पण बळी तसेच, तिकीट काढून घरी निघालेले. ३२९ माणसं गेली. आयर्लंडच्या किनाऱ्यावर अहाकिस्ता नावाचं गाव आहे, तिथे त्यांचं स्मारक आहे आणि दरवर्षी तिथले लोक जमतात. मेलेल्यांपैकी त्यांचं कुणी नव्हतं. आपल्या भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातला हा सोलापूरचा मुलगा, १९४२ मध्ये वयाच्या ३२ व्या वर्षी तिकडेच गेला. त्यांच्या समाधीवर चिनी माणसं आजही फुलं वाहतात. परक्यांनी आपल्या माणसाची अशी आठवण ठेवलेली आपल्याला अभिमानाने सांगावीशी वाटते. मग तेच आपण दुसऱ्यांसाठी का करू नये?

आणि आता संबंध आहेही. होटगी रस्त्याच्या विमानतळासाठी हे शहर किती वर्षं भांडलं! विमानांच्या वाटेत येणाऱ्या साखर कारखान्याच्या चिमणीवरून मोर्चे, कोर्टकचेऱ्या, शेवटी जून २०२३ मध्ये ती पाडली गेली. जून २०२५ मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं, मग मुंबईचं. आता इथली माणसं त्या रांगेत उभी राहतात, पट्टा काढून ट्रेमध्ये ठेवतात, बाटलीतलं पाणी फेकून देतात, आणि कटकट म्हणून कुरकुरतात. ती तपासणी कुठून आली हे कुणीतरी सांगायला हवं. नागरी विमान सुरक्षा ब्युरोचा पहिला कक्ष १९७६ च्या अपहरणानंतर स्थापन झाला. कनिष्कनंतर, १९८७ मध्ये, तो स्वतंत्र ब्युरो झाला. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने विमानतळांचं काम फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून हाती घेतलं, म्हणजे कंदाहारनंतर जेमतेम महिन्याभराने. १९८२ चा अपहरणविरोधी कायदा बदलून २०१६ चा कडक कायदा आला. यंत्रणेला या घटना पाठ आहेत. नागरिकाला मात्र कुणी सांगितलेल्या नाहीत.

दरवर्षी २१ मे रोजी सरकारी कार्यालयांत दहशतवादविरोधी शपथ घेतली जाते. इथेही घेतली जाते. कर्मचारी रांगेत उभे राहतात, कुणीतरी वाचतं, बाकीचे म्हणतात, आणि दोन मिनिटांत सगळे टेबलांकडे परततात. शाळांना तेव्हा सुट्टी. त्या शपथेत एकाही बळीचं नाव नाही. न्यूयॉर्कला ११ सप्टेंबरच्या स्मारकावर जवळजवळ तीन हजार नावं कोरली आहेत, आणि ती अक्षरांच्या क्रमाने लावलेली नाहीत. कुणाचं नाव कुणाशेजारी असावं हे घरच्यांना विचारून ठरवलं, म्हणजे एका कचेरीतले, एकाच विमानातले, मैत्रीतले शेजारी शेजारी आले. एवढा पैसा आपल्याकडे नाही हे खरं. पण घरच्यांना विचारायला पैसा लागत नाही.

माझी मागणी अशी आहे. आपल्या विमानतळाच्या प्रस्थान कक्षात एक भिंत यासाठी ठेवावी. तिच्यावर रूपिन कत्यालचं नाव घरच्यांच्या संमतीने असावं, आयसी ८१४ आणि पॅन ऍम ७३ च्या क्रूची नावं असावीत, १९९३ च्या अश्वमेधाची हकीकत असावी आणि १९९९ च्या अमृतसरचीही, दोन-चार सरळ वाक्यांत, कुणाला वाचवू न पाहता. अपहरणकर्त्यांचे फोटो नकोत, नावं नकोत. मजकूर मराठीत हवा, आणि हे सोलापूर आहे म्हणून कन्नड, तेलुगू, उर्दूतही हवा. एक अट मात्र कडक असावी: कोनशिलेवर उद्घाटकाचं, पालकमंत्र्याचं, खासदार-आमदारांचं नाव कोरायचं नाही. आपल्याकडे स्मारकाची पाटी वाचायला जावं तर ज्याच्यासाठी स्मारक बांधलं त्याचं नाव पाहुण्यांच्या यादीखाली शोधावं लागतं. खर्च जिल्हा नियोजन समितीच्या निधीत एका रस्त्याच्या डांबराइतकाही नाही. महापालिकेने ठराव करावा, विमानतळ प्राधिकरणाकडे पाठवावा, आणि इथल्या चित्रकला महाविद्यालयांतल्या मुलांकडून त्याचा आराखडा मागवावा.

भिंत होईल तेव्हा होईल. तोवर शाळांना तिची वाट पाहायचं कारण नाही. ५ सप्टेंबरला आपल्या मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू शाळांत शिक्षक दिन होतो, मोठी मुलं एक दिवस शिक्षक होऊन खालच्या वर्गांवर तास घेतात. त्या दिवशी नववी-दहावीच्या एखाद्या मुलीला एक तास द्यावा, आणि कराचीच्या विमानात त्या मुलींनी पासपोर्ट कसे गोळा केले ते तिने वर्गाला सांगावं. हा लेख वाचणाऱ्या मुख्याध्यापकांनी येत्या सप्टेंबरच्या वेळापत्रकात त्याची नोंद आत्ताच करून ठेवावी.